ड्रमसेट जुना घेताय? आधी टॉर्च घेऊन जा

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की शिकणाऱ्यानं स्वस्तातला नवा सेट घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना घ्यावा, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सगळ्यांना उत्तरं देणं जमलेलं नाही. ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात तेवढे घेतलेत.

प्रश्न: मुलगा १२ वर्षांचा आहे, दोन वर्षं क्लासला जातोय, आता ट्रिनिटीची ग्रेडची परीक्षा देणार आहे. घरी फक्त प्रॅक्टिस पॅड आहे. ओळखीतल्या एकांना पाच पीसचा सेट विकायचाय, त्यांचा मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि सेट चार वर्षं गॅलरीत चादर टाकून पडून आहे. आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळत नाही. बघायला जाताना काय बघायचं? – एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी मीच विचारतो, ती गॅलरी उघडी आहे की काचा लावून बंद केलेली? कारण चार वर्षं म्हणजे चार पावसाळे, आणि तिरका पाऊस आत येत असेल तर सेटकडे जरा वेगळ्या नजरेनं बघावं लागेल. जाताना मोबाइलचा टॉर्च, मोजायची टेप, मुलाच्या स्वतःच्या स्टिक्स आणि ड्रमची की एवढं बरोबर न्या. की म्हणजे ती चौकोनी भोकाची छोटी चावी, त्याच्या सरांकडे असेलच, मागून न्या, विकणाऱ्याकडे असेल या भरवशावर जाऊ नका, त्यांची हमखास हरवलेली असते. आणि दिवसा जा. मी एकदा वसईला रात्री नऊ वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात सेट बघितला, लाल चकचकीत, वाजवून बघितला, बरा वाटला, पैसे दिले, टेम्पोत टाकला आणि सकाळी घरी बघतो तर फ्लोअर टॉमच्या, म्हणजे पायांवर जमिनीवर उभा राहतो त्या मोठ्या ड्रमच्या, खालच्या कडेला चार बोटं लाकूड सुटलेलं, प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडलेले. रिमच्या, म्हणजे ड्रमच्या तोंडावरच्या धातूच्या कड्याच्या, आड ते दिसतच नव्हतं. तो टॉम माझ्याकडे होता तोपर्यंत कधी सुरात लागला नाही.

म्हणून सगळ्यात आधी ती कड बघा. बेअरिंग एज म्हणतात तिला, शेलच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या, तोंडाशी लाकूड तासून केलेली धार असते आणि तिच्यावर स्किन, म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा, टेकते. रंग, चकाकी, लोगो सगळं नंतर. विकणाऱ्याला विचारून एका टॉमच्या दोन्ही स्किन काढा, शेल त्यांच्या किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवा, खोलीत अंधार करा आणि वरून टॉर्च आत धरा. ओटा सपाट असतो, त्यामुळे एज चांगली असेल तर खालून उजेड येत नाही, किंवा आलाच तर सगळीकडून सारखा, केसाएवढा. एकाच जागी उजेडाची फट दिसली की तिथे कड दबलीय नाहीतर लाकूड वाकलंय. मग शेल उलटा करून दुसरी कड. मग टेपनं व्यास उभा आणि आडवा मोजा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर शेल अंड्यासारखा झालाय, तो सोडून द्या. एक टॉम असा बघून झाला की बाकीच्यांचा अंदाज येतो, पण गॅलरीत जो सगळ्यात खाली होता तो मात्र उघडून बघाच. उघडूच देत नसतील तर मी तरी घेणार नाही.

नंतर बोल्ट. रिमचा प्रत्येक बोल्ट कीनं अर्धा फेरा सैल करायचा आणि परत आवळायचा. एखादा नुसताच गरगर फिरत राहिला तर आतले आटे गेलेत. बोल्टचे आटे गेले असतील तर घाबरू नका, बहुतेक कंपन्यांचे आटे एकाच मापाचे असतात, नवा बोल्ट मिळतो. पण शेलवर बसवलेला जो लग असतो, ज्याच्यात बोल्ट जातो, तो गेला असेल तर तशाच भोकांच्या अंतराचा शोधत बसावं लागतं. पायानं वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमवर जिथे टॉमचा होल्डर बसतो त्या भोकाभोवती टॉर्च मारा, टॉमचं सगळं वजन तिथे येतं, तडा असेल तर तिथेच असतो. स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला ड्रम, त्याच्या बाजूची खिट्टी चालू-बंद करून बघा, खालच्या तारा एकदम सुटल्या पाहिजेत आणि परत सपाट बसल्या पाहिजेत. एक-दोन तारा लोंबत असतील तर कात्रीनं कापून टाकायच्या, काही बिघडत नाही, पाच-सहा असतील तर नव्या. हाय-हॅटच्या, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या, वरच्या झांजेला धरणारा क्लच जागेवर आहे ना ते नक्की बघा, एवढीशी वस्तू पण जुन्या सेटमध्ये गायब असते आणि ती नसेल तर हाय-हॅट वाजतच नाही. पेडलवर पाय ठेवून घोटा डावी-उजवीकडे हलवा, पाटी लडबडत असेल तर बिजागरी झिजलीय. स्टूल त्यांचं कितीही चांगलं दिसू दे, तुम्ही नवं घ्या. वाढत्या वयाचा मुलगा रोज तासभर डगमगत्या स्टुलावर बसला तर पाठ दुखते आणि दोष वाद्याला जातो.

आता झांजा, म्हणजे सिंबल, यांचा हिशोब वेगळाच धरा. सुरुवातीच्या सेटबरोबर ज्या येतात त्या बहुतेक पितळेच्या असतात. घरात काशाची वाटी असेल, तळपायाला तूप घासायची, ती बोटांवर अधांतरी धरून चमच्यानं हलकंच वाजवा आणि मग पितळेची वाटी तशीच वाजवा, फरक मुलाला लगेच ऐकू येईल. चांगल्या झांजा काशाच्याच असतात. त्यात बी-२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, ती महाग. बी-८ मध्ये कथील ८ टक्के, ती मधली, आणि शिकणाऱ्याला ती पुरते. झिल्जन ही कंपनी १६२३ पासून, आधी इस्तंबूलला आणि नंतर अमेरिकेत, काशाच्या झांजा बनवत आलीय, आणि त्याच घराण्यातल्या एकानं वेगळं होऊन १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली. या दोन्हींपैकी कुठलं नाव झांजेवर दिसलं तरी लगेच हुरळून जाऊ नका, दोघांच्याही स्वस्तातल्या पितळी झांजा आहेत. झांज स्टँडवरून काढून हातात घ्या, कडेवरून नख सावकाश गोल फिरवा, तडा असेल तिथे नख अडकतं. मधल्या भोकाकडे बघा, ते गोल हवं, एका बाजूला किल्लीच्या भोकासारखं ओढलं गेलं असेल तर आधीच्या माणसानं प्लास्टिकची नळी न घालता धातूवर धातू वाजवलाय.

किमतीचं म्हणाल तर माझा स्वतःचा नियम सांगतो. तोच सेट आज नवा केवढ्याला मिळतो ते दुकानात विचारायचं, निम्म्याच्या वर जायचं नाही, आणि त्यातूनही सगळ्या नव्या स्किनचे आणि स्टुलाचे पैसे वजा करून बोलायचं, कारण ते तुम्हाला घालायचेच आहेत. पर्लचा एक्स्पोर्ट, जो १९८२ पासून जगभर शिकणाऱ्यांच्या घरात गेलाय, टामाचा स्विंगस्टार, यामाहाचा स्टेज कस्टम, यातलं काही निघालं आणि एज चांगली असली तर रंग उडालेला असला तरी घ्या. असे सेट वीस-वीस वर्षं चालतात.

प्रश्न: सर मी पुण्यात ढोल पथकात पाच वर्षं वाजवतोय. मित्राकडून जुना ड्रमसेट घेतला पण आवाज पूर्ण डबा आहे, टॉम वाजवला तर पत्र्याचा पिंप वाजवल्यासारखं आणि मागे ङॅंऽऽ असं काहीतरी घुमत राहतं. फसलो का? विकून टाकू का? – एक वादक, कोथरूड

उत्तर: विकू नकोस रे. मला एक सांग, तुझ्या ढोलाचं पान सैल असताना तू मिरवणुकीत उतरशील का? दोरी ओढून, पान ताणून, टिपरू आणि हात दोन्हीचा आवाज बघूनच निघतोस ना. मग या सेटच्या स्किन शेवटच्या कधी बदलल्यात हे मित्राला विचारलंस का? माझ्याकडे दर महिन्याला कोणीतरी "सेट बाद झालाय" म्हणून घेऊन येतं आणि दहातल्या आठ वेळा सेटला काही झालेलं नसतं, स्किन मेलेल्या असतात. लाकडाचा आवाज सहजासहजी जात नाही, कडा शाबूत असतील तर शेल माणूस म्हातारा होईपर्यंत टिकतो, स्किन मात्र रोज मार खाते.

स्किन मेली कशी ओळखायची? उजेडाकडे तिरकी धर. मधोमध वाटीसारखे खड्डे दिसले, पांढरा थर घासून खालचं प्लास्टिक दिसायला लागलं, किंवा सैल केल्यावरही मधे फुगवटा राहिला तर ती गेली. खालची स्किन, जिच्यावर कोणी मारत नाही, ती वर्षानुवर्षं चालते, पण तुझ्या सेटची तीही बघ, काही लोक ती काढून फेकून देतात आणि मग टॉम खरंच पिंपासारखा वाजतो. दोन प्रकार असतात हे लक्षात ठेव, एक पदरी आणि दोन पदरी. एक पदरी साधारण १० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची, मोकळी, लांब वाजणारी. दोन पदरी ७-७ मिलचे दोन थर, आवाज जाड आणि आखूड, मार सहन करणारी. तू ढोलवाला आहेस, हात जड असणार, टॉमला वरून दोन पदरी आणि खालून एक पदरी लाव. स्नेअरला वरून एक पदरी कोटेड, म्हणजे पांढऱ्या थराची. स्नेअरच्या खालची स्किन वेगळी मिळते, कागदासारखी पातळ, टॉमची तिथे चालत नाही, आणि ती लावताना अंगठा दाबून बघू नकोस, भोक पडतं.

आता लावायची कशी. तबलजी बघितलायस ना हातोडी घेऊन एकेक घर ठोकताना, तबल्याला सोळा घरं असतात आणि सगळी एका सुरात यावी लागतात, एक चढं राहिलं की बोल फाटतो. ड्रमला सहा किंवा आठच बोल्ट आहेत, पण गोष्ट तीच. स्किन बसव, रिम बसव, सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, चावी न लावता, जेवढे जातात तेवढे आवळ. मग चावीनं अर्धा फेरा, पण शेजारचा नाही, समोरासमोरचा. एक झाला की बरोब्बर त्याच्या समोरचा, मग त्याच्या बाजूचा आणि त्याच्या समोरचा. असे दोन वळसे झाले की प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत स्टिकच्या टोकानं हळू टकटक कर आणि ऐक. तुझ्या कानाला पाच जागी "टूं" आणि एका जागी "टीं" येईल, ती "टीं" वाली जागा चढलीय, पाव फेरा उतरव. ही टकटक करताना ड्रम मांडीवर किंवा उशीवर ठेव म्हणजे दुसऱ्या बाजूची स्किन गप्प बसते. खालची स्किन वरच्यापेक्षा किंचित चढी ठेवलीस की टॉमचा आवाज छान खाली उतरत जातो. तू जे ङॅंऽऽ म्हणतोयस ते बहुतेक वेळा दोन बोल्टांच्या भांडणातून येतं, त्याच्यावर लोक टेप चिकटवत सुटतात, आणि टेप चिकटवून ते नुसतं झाकलं जातं. आधी सूर, मग टेप.

बेस ड्रममध्ये उशी कोंबलेली असेल तर काढ. घरात जुनी पातळ गोधडी असेल तर घडी करून तळाला अशी पसर की दोन्हीकडच्या स्किनला जेमतेम टेकेल. माझ्या बेस ड्रममध्ये आजीनं शिवलेली नऊवारीची गोधडी आहे, गेली अठरा वर्षं, आणि रेकॉर्डिंगला कितीतरी जणांनी विचारलंय की आत काय घातलंयस.

प्रश्न: आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. सेटच्या स्टँडना आणि रिमला तांबेरा चढलाय. मे महिन्यात आम्ही पुण्याला जातो ते गणपतीला येतो, तोवर घर बंद. काय करावं? – मालवण

उत्तर: खारा वारा आणि बंद घर, याच्याइतकं वाईट काही नाही, पण जमतं. चढलेला गंज काढायला पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगाळून बोळा करा, पाण्यात बुडवा आणि क्रोमवर हलक्या हातानं घासा. काळपट पाणी निघतं, ते पुसा, परत घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते त्यामुळे ओरखडे येत नाहीत, तारेची घासणी मात्र चुकूनही लावू नका. खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत, पण पुढचं थांबतं. सगळं कोरडं झालं की कापडाला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावून पुसून घ्या. बोल्ट एकेक करून बाहेर काढा, आटे जुन्या टूथब्रशनं साफ करा, चिमूटभर व्हॅसलीन लावा आणि परत घाला. हे वर्षातून एकदा, मे महिन्यात निघायच्या आधी. पेडलच्या चेनला आणि स्प्रिंगलाही तेलाचा एकेक थेंब.

घर बंद करताना सेटवर प्लास्टिक टाकू नका. सगळे तेच करतात, आणि आतल्या आत दमट हवा कोंडून लाकडाला बुरशी येते, शेलवर गुंडाळलेल्या रंगीत आवरणाचा, म्हणजे रॅपचा, सांधा सुटतो. सुती चादर टाका. जमिनीवर नको, फरशीला पाझर येतो, फळीवर किंवा पलंगावर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. स्किन पूर्ण काढून ठेवू नका, उघडा शेल ओलीनं वाकतो, थोड्या सैल करा पण रिम जागेवर राहू दे. झांजा कापडी पिशवीत, एकीवर एक ठेवल्या तर मधे जुना टॉवेल. जुन्या चपलांच्या खोक्यात त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात ना, त्या जमवून बेस ड्रमच्या आत टाका. आणि कोणी शेजारी महिन्यातून एकदा खिडक्या उघडणारं असेल तर त्यांना चावी देऊन ठेवा, बाकी सगळ्यापेक्षा त्यानं जास्त फरक पडतो.

तुम्हाला ऐकून बरं वाटेल म्हणून सांगतो, आपल्या आधीच्यांचे हाल याच्यापेक्षा जास्त होते. प्लास्टिकच्या स्किन आल्या १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत रेमो बेली यांनी १९५७ मध्ये रेमो कंपनी काढली आणि मायलरची स्किन सगळीकडे पोचवली. त्याआधी वासराचं कातडं असायचं, आणि आपल्याकडच्या जुलैत ते अक्षरशः ओल्या पापडासारखं पडायचं.

प्रश्न: खंडेनवमीला पूजा करायची म्हणून झांजा चिंच आणि मीठ लावून घासल्या. चकाचक झाल्या पण कंपनीचं नाव गेलं आणि आवाज जरा कर्कश वाटतोय. शिवाय क्रॅश नावाच्या झांजेच्या कडेला अर्ध्या इंचाचा तडा दिसला, वेल्डिंग करून मिळेल का? – नाशिक

उत्तर: वेल्डिंग अजिबात नको. काशाला तेवढी उष्णता दिली की आजूबाजूचा धातू बदलतो, झांज मुकी होते आणि शेजारून परत फुटते. ओळखीचा चांगला लेथवाला किंवा ड्रिलवाला असेल तर तड्याच्या अगदी टोकाला बारीक भोक पाडून घ्या म्हणजे तडा पुढे सरकायला वेळ लागतो, भोकाच्या कडा कानसेनं गुळगुळीत करून घ्या. काही महिने चालेल, तेवढ्यात दुसरी बघा.

चिंचेचं झालं ते झालं, मन लावून घेऊ नका. तांब्याच्या कळशीला जे चालतं ते झांजेला चालत नाही, कारण वरचा जो काळपट सोनेरी थर असतो तो वर्षानुवर्षं बसतो आणि आवाजाला गोडवा देतो. तो हळूहळू परत येईल. पुढच्या वेळी कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, आणि पुसताना गोल रेघांच्या दिशेनंच. रोजचं म्हणाल तर झांज कडेला धरायची, बोटांचे ठसे उमटू द्यायचे नाहीत, घामानं हिरवे डाग पडतात. पूजा जरूर करा, मीही करतो, फूल रिमवर आणि हळदकुंकू बेस ड्रमच्या लाकडी हूपवर, म्हणजे कड्यावर, लावतो. कोटेड स्किनवर लावलेलं कुंकू निघत नाही.

प्रश्न: तीनच पीसचा जुना सेट मिळतोय, बेस, स्नेअर आणि एक फ्लोअर टॉम. अर्धवट वाटेल का? – सांगली

उत्तर: नाही वाटणार. एज आणि पेडल चांगलं असेल तर बिनधास्त घ्या, वरचा टॉम नंतर कधीही मिळतो. मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचे चिरंजीव, ठरलेल्या मांडणीचा सेट न घेता जमिनीवर बसून स्वतः जमवलेल्या ड्रमवर जगभर वाजवत आले. तुमच्या हाताला काय लागतं ते महत्त्वाचं.

प्रश्न: आम्ही ठाण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. जुना सेट घेतला, दोन दिवसांत सोसायटीची नोटीस आली. खालच्या आजोबांना तर झोप लागत नाही म्हणे. मुलीचा जीव आहे त्या सेटवर. – ठाणे

उत्तर: आधी आजोबांकडे जाऊन या, मुलीला घेऊन जा, आणि त्यांची दुपारची झोप कधी ते विचारा. मी हे मनापासून सांगतोय, माझ्या किती विद्यार्थ्यांची घरची प्रॅक्टिस अशीच वाचलीय. नियम असा आहे की निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरतात. ड्रमसेट मोकळा वाजवला तर वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे भांडण करून तुम्ही जिंकणार नाही. मुलीच्या कानालाही इअरप्लग किंवा कान झाकणारे मफ लावाच, हे सेट घेतला त्याच दिवसापासून.

जुन्या सेटचं एक बरं असतं, त्याच शेलवर जाळीच्या स्किन बसतात, मेश म्हणतात त्यांना, वाजवायला खऱ्यासारख्या आणि आवाज फुसफुस एवढाच. झांजाही भोकाभोकाच्या मिळतात, कमी आवाजाच्या. तेवढं बजेट नसेल तर रबरी पॅडचा सेट, प्रत्येक ड्रमवर नुसता ठेवायचा. पण खालच्या आजोबांना जे ऐकू येतं ते हवेतून नाही, बेस ड्रमच्या पेडलचा ठोका स्लॅबमधून उतरतो. त्याच्यासाठी एक जुगाड आहे आणि तो चालतो. प्लायवूडची फळी सेटएवढी घ्या, खाली दुसरी फळी, खालच्या फळीत चेंडू निम्मा बसेल एवढी भोकं पाडायची आणि त्यात टेनिसचे जुने चेंडू बसवायचे, साधारण फूट-फूट अंतरावर, वरची फळी चेंडूंवर ठेवायची. सेट आणि स्टूल दोन्ही त्या वरच्या फळीवर. फळी भिंतीला टेकता कामा नये, टेकली की सगळा आवाज भिंतीतून जातो. माझ्या एका विद्यार्थिनीकडे हे करताना आम्ही वर-खाली फोन लावून बसलो होतो, चेंडूंच्या आधी खालच्या काकू म्हणत होत्या "ठोका येतोय ठोका येतोय" आणि नंतर विचारायला लागल्या, "सुरू केलंत का?"

प्रश्न: न्यू जर्सीचा चुलतभाऊ त्याचा जुना इलेक्ट्रॉनिक सेट देतोय, बॅगेत घालून आणेल. फुकट आहे, घेऊ ना? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर: घ्या, पण लावायच्या आधी अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर इथे नुसती पिन बदलून चालेल, फक्त १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावल्या लावल्या जळेल, मग आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर तेवढेच असलेला आणि तशाच टोकाचा इथला अ‍ॅडॉप्टर घ्यायचा. भावाला तिथेच प्रत्येक पॅड हळू ते जोरात असं वाजवून व्हिडिओ करायला सांगा. एक मारलं की दोन आवाज येतात का, कडेला मारलं तर गप्प राहतो का, आणि हाय-हॅटचा पाय अर्धा उघडा ठेवला तर मधला आवाज येतो का, एवढं दिसलं पाहिजे. केबल एकही विसरू नको म्हणावं.

प्रश्न: वडील गोव्यात लग्नांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. ते गेले. त्यांचा प्रीमियरचा सेट माळ्यावर आहे, साठच्या दशकातला असावा. मी मडगावहून आणि पणजीहून दोनदा नव्या स्किन आणल्या, टॉमला बसतच नाहीत, शेल फुगलाय असं एकानं सांगितलं आणि भंगारात द्यायला सांगितलं. आईचा जीव होत नाही. – मडगाव

उत्तर: देऊ नका. कृपा करून देऊ नका. शेल फुगलेला नाही. प्रीमियर ही इंग्लंडची कंपनी, आणि साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत त्यांच्या टॉमचं माप अमेरिकन मापापेक्षा किंचित मोठं असायचं. आजच्या १२ आणि १४ इंची स्किन अमेरिकन मापाच्या, म्हणून त्या अडतात. त्या जुन्या मापाच्या स्किन आजही वेगळ्या बनतात, परदेशातून मागवाव्या लागतात, वेळ आणि पैसा दोन्ही जातं, पण मिळतात. मागवायच्या आधी शेलचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, चार दिशांनी, आणि रिमचा आतला व्यासही. आकडे लिहून ठेवा, इंचात बोलू नका, तिथेच घोळ होतो.

तोवर शेल घासू नका, रंग देऊ नका, नवं भोक तर मुळीच पाडू नका. सुक्या कापडानं धूळ पुसा. बोल्ट अडकले असतील तर पक्कड लावून जोर करू नका, तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी चावीनं हळू. जुन्या स्किन निघतील त्याही जपून ठेवा, लाकडी कडीवर ओढलेलं कातडं असेल तर ते वडिलांच्याच हातचं असण्याची शक्यता आहे, तेव्हाचे वादक कातडं भिजवून स्वतः चढवायचे. मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये किती गोवेकर वादक होते हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्यांची वाद्यं फार थोडी उरलीत.

सेट उतरवाल तेव्हा फ्लोअर टॉम आधी बघा, तो मोठा असल्यामुळे सगळ्यात लवकर वाकतो. ओट्यावर टॉर्च लावून फोटो काढा आणि मापांबरोबर सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी डिसेंबरात गोव्याला येणार आहे, चावी आणि तेल घेऊन तुमच्याकडे येतो.